विमानांचे जैवइंधन : अन्न, जमीन आणि प्रायश्चित्त

वनस्पतींची तेले, वापरून झालेले खाद्यतेल, प्राण्यांची चरबी, उसाची मळी किंवा शेतीतील काडीकचरा यांच्यापासून तयार केलेले आणि नेहमीच्या विमानइंधनात मिसळून वापरता येणारे इंधन म्हणजे विमानांचे जैवइंधन. उद्योगात त्याला शाश्वत विमानइंधन म्हणतात. तेल आणि चरबी यांच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते बनते, तसेच अल्कोहोलपासूनही बनते. सध्याच्या प्रमाणकांनुसार त्याचे मिश्रण जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत करता येते. हे इंधन जळतानाही जवळपास नेहमीच्या इंधनाइतकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फरक आहे तो आधीच्या टप्प्यात. खनिज तेलातील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला होता, तर वनस्पतीतील कार्बन तिने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. लागवडीपासून ज्वलनापर्यंतचा सगळा हिशोब मांडला, तर चांगल्या प्रतीच्या जैवइंधनामुळे उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे मानले जाते.

या इंधनाचा प्रवास प्रयोगापासून धोरणापर्यंत वेगाने झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे एक विमान नारळ आणि बाबासू तेलाचे मिश्रण चारपैकी एका इंजिनात वापरून लंडनहून अॅमस्टरडॅमला गेले. २०११ मध्ये केएलएमने वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या इंधनावर अॅमस्टरडॅम ते पॅरिस असे प्रवासी उड्डाण केले. भारतात २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान देहरादूनहून दिल्लीला आले. त्याचे इंधन देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने जट्रोफाच्या बियांपासून बनवले होते. मे २०२३ मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेले इंधन मिसळून एक प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेले. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के शाश्वत इंधनाचे बंधन घातले आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के असे लक्ष्य ठरवले आहे. तरीही २०२४ मध्ये जगातील एकूण विमानइंधनात याचा वाटा सुमारे ०.३ टक्के एवढाच होता.

तंत्र शक्य आहे हे यावरून दिसते. ते उचित आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. हे इंधन जमिनीतून, पाण्यातून आणि माणसांच्या श्रमातून येते. त्यामुळे कोणाची जमीन, कोणाचे पाणी आणि कोणासाठी उड्डाण, हे विचारल्याशिवाय त्याची नैतिक किंमत ठरत नाही.

पहिला प्रश्न अन्नाचा आहे. भारतीय धर्मपरंपरेत अन्नाला केवळ उपभोग्य वस्तू मानलेले नाही. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करणे आणि अन्न विपुल करणे ही व्रते सांगितली आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पाऊस, अन्न आणि प्राणिमात्र यांना जोडणारे यज्ञचक्र वर्णिले आहे, आणि त्या चक्राला काही परत न देता भोगणाऱ्याला चोर ठरवले आहे. अन्नधान्य इंधनाकडे वळवण्याचा वाद याच ठिकाणी उभा राहतो. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोत टॉर्टियाच्या महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. अमेरिकेत मक्यापासून होणारे इथेनॉल हे मका महागण्याचे एक कारण मानले गेले. त्याचा नेमका वाटा किती, याबद्दल अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नाच्या हक्कासाठीचे विशेष प्रतिवेदक जाँ झिग्लर यांनी अन्नपिकांपासून इंधन बनवणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे म्हटले आणि त्यावर पाच वर्षांच्या स्थगितीची मागणी केली.

या वादाचा तात्त्विक पाया अमर्त्य सेन यांच्या १९८१ च्या दुष्काळविषयक ग्रंथातून स्पष्ट होतो. धान्य उपलब्ध असूनही ते मिळवण्याची क्रयशक्ती नसल्याने माणसे भुकेने मरतात, असे त्यांनी दाखवले. विमानाचे तिकीट घेणारा आणि पीठ विकत घेणारा एकाच बाजारात उभे राहिले, तर बोली कोण जिंकेल हे उघड आहे. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर असाच आक्षेप घेतला होता. वाहतूक सोपी झाली की धान्य जास्त भाव असलेल्या ठिकाणी जाते आणि दुष्काळ वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. वेगाची किंमत वेग न वापरणाऱ्याला मोजावी लागते, हा त्या आक्षेपाचा गाभा आहे, आणि तो विमानाला रेल्वेहून अधिक लागू पडतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. अन्नाशी स्पर्धा टाळण्यासाठी पडीक जमिनीवर अखाद्य पिके घ्यावीत, हा मार्ग पहिल्या नजरेत निर्दोष वाटतो. २००३ नंतर भारतात जट्रोफाच्या लागवडीचा मोठा कार्यक्रम याच आशेवर आखला गेला. कमी पाण्यावर आणि हलक्या जमिनीवर बियांचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार कमी आले आणि कार्यक्रम फसला. त्यातून एक नैतिक धडाही मिळाला. सरकारी कागदावर पडीक असलेली जमीन गावाच्या दृष्टीने क्वचितच रिकामी असते. गायरानावर गुरे चरतात, भूमिहीन कुटुंबे तिथून सरपण आणि चारा आणतात, भटके मेंढपाळ तिथे तळ देतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा हक्क हिशोबात धरला जात नाही, म्हणून ती जमीन मोकळी दिसते.

जमिनीचा परिणाम दूरवरही पोहोचतो. २००८ मध्ये टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की, एका देशातील शेत इंधनाकडे वळले की कमी पडलेले धान्य पिकवण्यासाठी दुसरीकडे जंगल किंवा कुरण नांगरले जाते आणि त्यातून सुटलेला कार्बन सगळा फायदा गिळून टाकू शकतो. कर्त्याच्या डोळ्यांसमोर न घडणाऱ्या हानीची जबाबदारी कर्त्यावर येते का, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न इथे नव्याने उभा राहतो. जैन विचारात हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि तिला अनुमोदन देणे, असे तिन्ही दोष मोजले जातात. या कसोटीवर शेतीसाठी बोर्निओसारख्या दूरच्या बेटावर तुटलेले जंगल विमानात बसलेल्या प्रवाशापासून वेगळे काढता येत नाही.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पाण्याच्या रूपात येतो. मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमानइंधन हा मार्ग साखर कारखानदारीला आकर्षक आहे, आणि मळी हे उपउत्पादन असल्याने तो अन्नाच्या आड येत नाही, असा युक्तिवाद होतो. पण ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात गावे टँकरवर जगतात. डिसेंबर २०२३ मध्ये उसाचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले. टंचाईत अन्नाला अग्रक्रम द्यावा लागतो, हे त्या निर्णयाने मान्य केले. पाण्यालाही तोच न्याय हवा.

खऱ्या टाकाऊ पदार्थांपासून बनलेल्या इंधनाची बाजू सर्वांत भक्कम आहे. वापरलेले तेल किंवा शेतात जाळला जाणारा पेंढा यांचे इंधन झाले, तर कोणाच्या ताटातले काही जात नाही. मात्र इथे सचोटी लागते. टाकाऊ मालाला भाव आला की ताजे तेलही वापरलेले म्हणून विकण्याचा मोह होतो, आणि पेंढ्यावर जनावरे पोसणाऱ्याच्या लेखी तो टाकाऊ नसतो. शिवाय अशा मालाला मर्यादा आहे. जगातल्या सगळ्या विमानांची भूक त्यावर भागणार नाही.

तिसरा प्रश्न प्रायश्चित्ताचा आहे. आज एखादी कंपनी जैवइंधनासाठी जादा पैसे मोजते, ते इंधन दुसऱ्याच विमानतळावर दुसऱ्याच विमानात भरले जाते आणि उत्सर्जनातील घट मात्र पैसे देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. हिशोब काटेकोर ठेवला तर यात फसवणूक नाही. जॉन ब्रूम यांच्यासारखे तत्त्वज्ञ म्हणतात की, स्वतःच्या उत्सर्जनाची पूर्ण भरपाई करणाऱ्या व्यक्तीने इतरांना इजा न करण्याचे कर्तव्य पाळलेले असते. उलट बाजूने विचारणारे सोळाव्या शतकातील युरोपची आठवण देतात. पैसे घेऊन चर्चकडून पापदंडाच्या माफीची पत्रे दिली जात होती, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी आक्षेप घेतला की, अशा पत्राने निर्धास्त झालेला माणूस खऱ्या पश्चात्तापाला मुकतो.

धर्मशास्त्राचे उत्तर या दोहोंना सामावून घेते. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे, आणि म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विषयाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. दान आणि व्रत यांना तिथे मान आहे. परंतु केलेल्या कृत्याबद्दलचा अनुताप आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय यांनी शुद्धी होते, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. या विचाराने पाहता जैवइंधनाचे पैसे भरणे हे प्रायश्चित्ताचे एक अंग ठरते. उड्डाणे वाढवत नेण्याचा परवाना म्हणून ते भरले, तर त्यातील निश्चयाचा भाग गळून पडतो आणि उरतो तो केवळ व्यवहार.

चौथा प्रश्न वाटपाचा आहे. स्टेफान गॉस्लिंग आणि आंद्रेआस हंपे यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनापैकी सुमारे निम्मे फार तर १ टक्का लोकांमुळे झाले. तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद १९९३ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेसाठी किंवा आखातातून घरी येण्यासाठी केलेला प्रवास आणि आठवड्याच्या सुट्टीची सहल यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. मर्यादित जैवइंधन कोणत्या उड्डाणांना मिळावे, हा म्हणूनच न्यायाचा प्रश्न आहे.

ब्रिटनच्या नफील्ड जैवनीतिशास्त्र परिषदेने २०११ मध्ये जैवइंधनांसाठी तत्त्वे मांडली. मानवी हक्कांचा भंग नको, पर्यावरण टिकावे, हरितगृह वायूंत खरी घट व्हावी, पिकवणाऱ्याला रास्त मोबदला मिळावा आणि लाभ व भार यांचे न्याय्य वाटप व्हावे, ही त्यातील पाच. ही पाचही पाळली जात असतील आणि हवामानबदल रोखण्यात इंधनाचा मोठा उपयोग असेल, तर ते विकसित करणे हे कर्तव्यही ठरू शकते, असे सहावे तत्त्व सांगते. सरसकट निषेध आणि सरसकट गौरव, दोन्ही यातून बाद होतात.

निष्कर्ष असा की, विमानांचे जैवइंधन स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही. खऱ्या टाकाऊ पदार्थांपासून, कोणाचे अन्न, पाणी किंवा गायरान न हिरावता बनलेले आणि उड्डाणांच्या संख्येवरील संयमाची जोड असलेले इंधन स्वागतार्ह आहे. त्याला प्रोत्साहन देणे हे सरकारांचे, आणि त्याचा वाढीव खर्च सोसणे हे विमानाने फिरणाऱ्यांचे कर्तव्य आहे. ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवलेले नाही, त्यांच्या शेतावर आणि ताटावर हा भार टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.