विडीचा संबंध

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात तंबाखूचा निषेध कोठे आला आहे, असा प्रश्न गेवराई, माजलगाव, धारूर या भागांतील उपदेशी मंडळी वारंवार विचारतात. या प्रश्नात थोडी जिज्ञासा असते आणि थोडी पळवाटही असते. उपदेश घेताना सप्तव्यसनांची नावे प्रत्येकाच्या कानी पडलेली असतात. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, मृगया, चौर्य आणि परस्त्रीगमन ही ती सात. त्यांत विडी नाही. मग विडी ओढणाऱ्याने कोणता नेम मोडला, असे मनातल्या मनात ठरवून मनुष्य निश्चिंत होतो आणि खिशातील काडेपेटी चाचपू लागतो.

या शंकेचे पहिले उत्तर इतिहासाचे आहे. स्वामींचे महाराष्ट्रातील अवतारकार्य तेराव्या शतकात घडले. तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ साली तिकडच्या बेटांस लागल्यानंतर युरोपास तिची ओळख झाली, आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर मनाई घातली, ती अर्थातच टिकली नाही. म्हणजे ही वस्तू या देशात आली ती स्वामींच्या नंतर तीनशे वर्षांनी. जी वस्तू देशातच नव्हती तिचे नाव निषेधात शोधणे व्यर्थ आहे, आणि नाव सापडत नाही म्हणून तिला अनुज्ञा आहे असे समजणे त्याहून व्यर्थ आहे.

काही चतुर मंडळी याहून पुढे जातात. लीळाचरित्रात भक्तजन स्वामींस विडा अर्पण करतात, तांबूलाचा उल्लेख ठिकठिकाणी येतो, तेव्हा पानात चिमूटभर तंबाखू घातली तर काय बिघडले, असे ते विचारतात. त्या विड्यात पान होते, सुपारी होती, तंबाखू नव्हती, हे वर सांगितलेल्या इतिहासावरून उघड आहे. ‘विडी’ हा शब्द ‘विडा’ या शब्दापासूनच आला, हे खरे. परंतु शब्दाचे कूळ एक असले म्हणून वस्तूचे कूळ एक होत नाही. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेला तंबाखूचा चुरा आणि परमेश्वराच्या श्रीमुखी अर्पण झालेला विडा यांना एका पंगतीस बसविणे हा केवळ शब्दच्छल होय.

आता मुख्य विचाराकडे येऊ. सातही व्यसनांत समान असे लक्षण कोणते? त्यांपैकी प्रत्येकात जीव आपली सत्ता दुसऱ्याच्या हाती देतो. आपल्या शास्त्रात जीव बद्धमुक्त म्हटला आहे. तो अविद्येने बांधलेला आहे, पण सुटण्याची योग्यता त्याच्या ठिकाणी आहे. व्यसन त्या बंधनावर आणखी एक गाठ मारते. विडीच्या धुरातील निकोटीन हे द्रव्य ओढल्यापासून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि क्षणभर बरे वाटविते. थोड्याच वेळात तो परिणाम ओसरतो आणि मन पुन्हा तेच मागू लागते. एका विडीचे दहा झुरके धरले आणि दिवसाच्या वीस विड्या धरल्या, तर दिवसातून दोनशे वेळा त्या जीवाने विडीकडे धाव घेतली असा हिशेब होतो. आपल्या मार्गात असन्निधानी जीवासाठी स्मरण हे मुख्य आचरण आहे. आता प्रत्येकाने आपल्या दिवसाचा हिशेब करावा की नामाची गाठी किती वेळा फिरली आणि काडी किती वेळा ओढली. विडीचा खरा दोष मला येथे दिसतो. ती स्मरणाची जागा घेते, तीही दिवसातून दोनशे वेळा.

शरीराची हानी सर्वविदित आहे. मुख, घसा आणि फुप्फुस यांचा कर्करोग, हृद्रोग, दमा, क्षयाला मिळणारे निमंत्रण यांची यादी येथे वाढवीत नाही. विडी सिगारेटपेक्षा सौम्य आहे हा समज मात्र सर्वथा चुकीचा आहे. धूर विडीचाही तितकाच घातक आहे. आणि हा धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. एका खोलीत निजणाऱ्या लेकरांच्या आणि गरोदर स्त्रीच्या श्वासात तो जातो. अहिंसेचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या, पायाखालच्या मुंगीस जपणाऱ्या पंथात ही हिंसा हिंसेच्या सदरात का मांडली जात नाही, याचे मला नवल वाटते.

२०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारी आढळली. धूर ओढणारी त्यांत ३.८ टक्केच. बाकीचा मोठा भाग चघळणाऱ्यांचा आणि मिसरी लावणाऱ्यांचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही बसस्थानकाची भिंत सांगेल. तेव्हा येथे विडीविषयी जे म्हटले आहे ते मळलेल्या तंबाखूला आणि आयाबहिणींच्या मिसरीलाही लागू समजावे.

बीड जिल्ह्याची अडचण मात्र वेगळी आहे, आणि नुसत्या उपदेशाने ती सुटत नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि थेट कर्नाटकापर्यंत ती जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत फडात उतरावे, दिवसभर तोडावे, मोळ्या बांधाव्या, आणि गाडी अपरात्री आली तर अपरात्री भरावी. अशा कष्टात विडी ही भुकेवरचा उतारा होते, झोपेवरची काडी होते. विडी पेटविण्यापुरताच दोन क्षण बसण्याचा हक्क मिळतो, हेही तितकेच खरे आहे. काम थांबवून नुसते बसलेला मनुष्य आळशी ठरतो; विडी ओढीत बसलेल्यास कोणी बोलत नाही. उपदेश करणाऱ्याने आधी हे समजून घेतले पाहिजे.

चातुर्मासात आश्रमात येऊन, देवपूजेस उभे राहून, महंतांसमोर विडी सोडणारे अनेक असतात. त्यांचा निश्चय खोटा नसतो. श्रावण जातो, भाद्रपद जातो, मनुष्य शुद्ध राहतो. कार्तिकात टोळी निघते, आणि मार्गशीर्षात पांचाळेश्वरी, गोदातीरीच्या आत्मतीर्थी, श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या भोजनस्थानी यात्रा भरते तेव्हा हा वासनिक कोठे तरी दूरच्या फडात, कोपीच्या दारात, पुन्हा काडी ओढीत असतो. मग लोक म्हणतात, त्याचा निश्चयच कच्चा होता. माझ्या मते दोष निश्चयाचा नाही. त्याने विडी टाकली होती, विडीचा संबंध टाकला नव्हता.

हा भेद आपल्या शास्त्रातलाच आहे. सर्वज्ञांनी साधकास त्याग सांगताना वस्तूंची यादी दिली नाही. त्यांनी स्वदेशाचा संबंध, स्वग्रामाचा संबंध आणि सर्वांत अधिक आप्तस्वकीयांचा संबंध सोडण्याची आज्ञा केली. देश वाईट, गाव वाईट वा आप्त वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. जेथे जीवाचे पूर्वीचे लाग असतात तेथे जीव पुन्हा जुन्याच वाटेने वाहतो, हे त्यांनी जाणले होते. वासनिकास घरदार सोडणे शक्य नाही आणि कोणी ते मागतही नाही. परंतु विडीचे म्हणून जे देश, गाव आणि सोयरे आहेत ते सोडणे शक्य आहे. पानाच्या टपरीसमोरची बैठक हा विडीचा देश होय. सकाळचा चहा आणि जेवणानंतरची वेळ हे तिचे गाव. जो मित्र न विचारता आपल्या बंडलातील एक पुढे करतो तो तिचा सोयरा. आणि येथेही सर्वांत कठीण तोच.

श्रीचक्रधर स्वामींच्या लीळेतही हाच क्रम दिसतो. भडोच येथे प्रधानपुत्र हरिपाळदेवांच्या देहाचा स्वीकार केल्यानंतर स्वामींनी द्यूताची क्रीडा दाखविली. पण हरला गेला, देणे झाले, कमळाइसांनी अलंकार देण्यास नकार दिला, आणि तेथून औदासीन्य प्रकट झाले. परमेश्वरास व्यसन नाही. जीवास व्यसनाची गती कळावी म्हणून ती लीळा आहे, असे आपले ज्ञाते सांगतात. मला येथे पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. केवळ फासे टाकून देऊन स्वामी त्याच वाड्यात राहिले नाहीत. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी तो देश सोडला आणि वाटेत परिवारही मागे ठेवला. ते एकाकी ऋद्धिपुरास आले, आणि तेथे श्रीगोविंदप्रभूंच्या हातून शेंगुळ्यांचा प्रसाद त्यांना लाभला. एका ठिकाणाहून निघणे आणि दुसऱ्या ठिकाणी पोचणे, दोन्ही घडले. आमच्या व्यसनत्यागात बहुधा निघणे तेवढे घडते. पोचण्याचे ठिकाण कोणी दाखवीत नाही.

ते ठिकाण आपल्या पंथात आहे. स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही चार साधने असन्निधानी जीवास दिलेली आहेत. त्यांपैकी स्थान दूर राहील, भिक्षू अटनास गेलेले असतील, परंतु वासनिक वासनिकास सर्वत्र भेटू शकतो, उसाच्या फडातही. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या जानूखाली शिरला, तेव्हा आपली योग्यता आहे की नाही याचा विचार करीत तो थांबला नाही. विडी सोडणाऱ्याने तितक्याच निःसंकोचपणे दुसऱ्यास सांगावे की मी सोडली आहे, मला सांभाळा. लपून सोडणारा लपूनच पुन्हा ओढतो. आणि ज्यास सांगितले त्याने उपहास करू नये. यात्रेच्या घाटावर, आरती आटोपल्यावर भिंतीआड कोण कोण बसतात हे आपण सर्व जाणतो. उपहासाचा अधिकार कोणासही उरलेला नाही.

सांभाळणाऱ्यास काही गोष्टी ठाऊक असाव्यात. सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, हात रिकामा वाटतो, भूक वाढते. सकाळी विडीवाचून शौचास होत नाही ही तक्रार खोटी नाही. निकोटीनने आतड्यास सवय लावलेली असते; भरपूर पाणी आणि भाजीपाला यांनी ती काही आठवड्यांत पूर्ववत् होते. शरीराची मागणी साधारण दोन ते चार आठवड्यांत मंद पडते. प्रत्येक वेळची ऊर्मी काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ नामस्मरणात काढावा, घोटभर पाणी प्यावे, जागा सोडून चार पावले चालावे. त्या दिवसांत घरातील माणसांनी त्याचा कठोर शब्द मनावर घेऊ नये. विशेषतः हिशेब, उचल, लग्नकार्य यांचे वाद त्या पंधरवड्यात काढू नयेत.

आणि घसरण झाली तर? पुष्कळांची होते, आणि कायमचे सुटलेल्यांपैकीही अनेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागलेला असतो. येथे आपला मार्ग जगाच्या पुढे आहे असे मी अभिमानाने म्हणेन, कारण त्याने दोषासाठी अनुताप आणि प्रायश्चित्त यांची वाट उघडी ठेवली आहे. दोष बोलून दाखवावा, ज्येष्ठांकडून प्रायश्चित्त घ्यावे आणि त्याच दिवसापासून पुन्हा नेम धरावा. एक विडी ओढली गेली म्हणजे सारेच गेले असे म्हणून बंडल विकत आणणे हा अनुताप नव्हे, तो विकल्प होय.

वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून समुपदेशन मिळते. ज्यांना मागणी असह्य होते त्यांच्यासाठी निकोटीनच्या गोळ्या आणि अन्य औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. २०१६ साली सुरू झालेली १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेच सुटू पाहणाऱ्यांना हात देतात, आणि घरी परतल्यावरही पाठपुरावा सोडत नाहीत. हे काम आपल्या आश्रमांना परके वाटण्याचे कारण नाही. वासनिकाने वासनिकास सांभाळणे ते हेच.

म्हणून जिल्ह्यातील आश्रमांच्या महंतांस एक विनंती आहे. आश्विनात टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक गावच्या उपदेशी मंडळींना एकदा एकत्र बोलवावे. ज्यांनी चातुर्मासात तंबाखू सोडली त्यांची नावे त्यांच्या संमतीने लिहून घ्यावीत, आणि कोण कोणत्या कारखान्यावर जाणार हे विचारून एकाच फडावर जाणारे दोघे-तिघे एकमेकांस नेमून द्यावेत. रात्री गाडी भरून झाल्यावर त्यांनी एका कोपीत बसून घटकाभर स्मरण करावे आणि दिवस कसा गेला ते एकमेकांस सांगावे. स्त्रियांची बैठक वेगळी असावी. मिसरीची गोष्ट पुरुषांसमोर निघणार नाही. महिन्यातून एकदा आश्रमातून कोणीतरी त्यांना दूरध्वनी करावा. आणि चैत्रात टोळी परतली की ज्यांचा नेम टिकला ते आणि ज्यांचा मोडला ते, सर्वांनी मिळून आत्मतीर्थी यावे. दोघांनाही प्रसाद एकाच पंगतीत वाढावा.