एकाचे अनेक: बास गिटार आणि साथीचा धर्म

वाद्य एकच असावे आणि ऐकणाऱ्यास अनेक वाजत असल्याचा भास व्हावा, हे कलेचे सामर्थ्य मानावे की श्रोत्याची वंचना? बास गिटारसाठी कोरस आणि फ्लँजर ही पेडल्स निवडणाऱ्या तरुणांस हा प्रश्न सहसा पडत नाही. दुकानात पायाने कळ दाबली, नाद फुलला, की व्यवहार आटोपतो. आम्हांस मात्र तो महत्त्वाचा वाटतो; कारण बास हे मुख्यतः साथीचे वाद्य आहे आणि साथीला स्वतःचा असा एक धर्म असतो.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. कोरस मूळ स्वराची एक प्रत घेतो, ती सुमारे २० ते ३० मिलिसेकंद मागे ठेवतो, हे अंतर संथपणे कमीअधिक करीत राहतो आणि ती प्रत मूळ स्वरात मिसळतो. अंतर बदलते तसा प्रतीचा स्वर किंचित चढतो, उतरतो. दहा व्हायोलिनवादक एकच ओळ वाजवितात तेव्हा त्यांचे गज नेमके एकाच क्षणी पडत नाहीत, स्वरही केसभर निराळे लागतात. त्या अपूर्णतेतूनच वृंदाला भरघोसपणा येतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील गोमंतकीय वादकांचे व्हायोलिनचे ताफे ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कोरस या मानवी अपूर्णतेचीच नक्कल करतो. फ्लँजरमधील अंतर याहून पुष्कळ लहान, साधारण १ ते १० मिलिसेकंदांचे. शिवाय बाहेर पडणारा नाद पुन्हा आत सोडण्याची त्यात सोय असते. विमान डोक्यावरून जावे तसा सरकता घोष त्यातून उमटतो.

मग नक्कल म्हणजे असत्य काय? १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने बीटल्ससाठी कृत्रिम दुहेरी ध्वनिमुद्रणाची युक्ती योजिली, ती गायकांना तीच ओळ पुन्हा गाण्याचा कंटाळा येई म्हणून. उलट जाको पास्टोरियसने १९७६ च्या आपल्या पहिल्या संग्रहातील ‘कंटिन्यूअम’मध्ये बास खरोखरच दोनदा वाजवून तीच झुळझुळ साधली. श्रमाचा न्याय लावला तर पहिला लबाड आणि दुसरा प्रामाणिक ठरेल. आम्ही तो न्याय लावीत नाही. श्रोत्यास दोन वादकांचे वचन कोणी दिलेलेच नसते. मिरजेच्या तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून एका तारेतून स्वरांचे मोहोळ उठविणाऱ्यासही आपण कधी लबाड म्हटलेले नाही.

खरा दोष अन्यत्र आहे. बासची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. तिची प्रत १२ मिलिसेकंदांनी मागे पडली, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, आणि दोन्ही समबल असल्या तर मूळ खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो. कोरसमधील अंतर त्याहून मोठे असले तरी ते सतत फिरते राहते. म्हणजे पाया क्षणात भरीव, क्षणात पोकळ. ज्याच्या भरवशावर इतरांनी आपले सूर बेतले, त्याने स्वतःच्या शोभेसाठी त्यांच्या पायांखालची जमीन हलवावी, यास आम्ही विश्वासघात म्हणू. वंचना होते ती श्रोत्याची नव्हे, सहकाऱ्यांची.

यावर पीटर हुकचे उदाहरण कोणी पुढे करील, आणि ते वाजवीही आहे. जॉय डिव्हिजन आणि पुढे न्यू ऑर्डर या मंडळींत त्याचा बास वरच्या स्वरांत गाण्याची मुख्य धूनच वाजवितो, आणि कोरस तेथे खुलून दिसतो. पण न्यू ऑर्डरच्या अनेक गीतांत खालचा भार सिंथेसायझर वाहतो. भार दुसऱ्याने उचलल्यावर नटण्यास आमची हरकत नाही.

तेव्हा पेडल घेताना खालचे स्वर न ढवळता सोडण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. एमएक्सआरच्या बास कोरस डिलक्समध्ये १०० हर्ट्झखालचा नाद वेगळा राखणारी कळ आहे. बॉसच्या सीईबी-३ वर त्याच कामाची खुंटी आहे. गती संथ ठेवावी, मिश्रण अर्ध्याहून कमी. फ्लँजर तर गाण्यात एकदाच, फार तर दोनदा. आपलाच प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा ऐकत बसणारा माणूस जितका सोसवतो, तितकाच तोही सोसवतो. आणि पारख दुकानात एकट्याने करू नये, ड्रमवादक व गायक यांच्यासह तालमीत करावी. कळ दाबल्यावर गायकाला स्वर सापडण्यास क्षणभर अधिक लागत असेल, तर ते पेडल कितीही महाग असो, परत करावे.