पटावरचे नाव आणि बाकावरचे मूल

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून परतलेल्या बडोदेकर आजी-आजोबांकडून अलीकडे एक हकिगत वारंवार ऐकू येते. तेथील सरकारी शाळा चालविणारी स्थानिक मंडळे पालकांपुढे एक पर्याय ठेवतात : मूल शाळेत पाठवा, अथवा घरीच संगणकासमोर बसवा. शिक्षक पडद्यावर येतात, गृहपाठ पडद्यावरूनच जातो, प्रगतिपुस्तक सरकारी शाळेचेच मिळते आणि फी पडत नाही. फ्लोरिडा राज्याने अशी सार्वजनिक आभासी शाळा १९९७ सालीच काढली होती. २०२० च्या साथीनंतर हा पर्याय तेथे अनेक गावी रुळला. नात सकाळी दप्तर न भरता खोलीचे दार लोटून घेते आणि शाळा सुरू होते, हे सांगताना आजीच्या स्वरात कौतुक असते, आणि त्याच्या तळाशी थोडी कालवाकालवही असते. त्या कालवाकालवीचा विचार करावा, असे आम्हांस वाटले.

प्रश्न आता परदेशाचा राहिलेला नाही. दिल्ली सरकारने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नववी ते बारावीसाठी आभासी शाळा जाहीर केली आणि देशातील कोणत्याही मुलास तिची दारे खुली असल्याचे सांगितले. लगोलग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, अशी शाळा आपण वर्षभर आधीच सुरू केल्याचे निदर्शनास आणले. पहिलेपणाचा हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हे शिक्षण चालेल की नाही, पडदा अडेल की नाही, हेही तंत्रज्ञांनी पाहावे. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. मूल घरी शिकण्यास मोकळे करणे हे त्या मुलाला दिलेले स्वातंत्र्य आहे, की समाजाने त्याच्याविषयीच्या कर्तव्यातून करून घेतलेली सुटका आहे?

बडोद्याच्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. सांगताना भर 'मोफत' या शब्दावर असतो. 'सक्ती' हा शब्द जिभेवरून घसरून जातो. वस्तुतः धाडस होते ते सक्तीत. गुरे राखणारा मुलगा आणि धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी ही कष्टकरी घरातील कमावती माणसे होती. त्यांना पाठीवर पाटी देऊन बाहेर काढायचे, न काढल्यास बापाला दंड करायचा, म्हणजे राज्याने उंबरठा ओलांडून सांगायचे की हे मूल केवळ तुमचे नाही. गैरहजेरीचे दंड खरोखरच वसूल होत आणि त्याबद्दल कुरकुरही होत असे. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या हाताशी बडोद्याचेच उदाहरण होते. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले.

ज्या महाराजांनी हा दंडक घातला त्यांचे स्वतःचे शिक्षण राजवाड्यात, इलियट साहेबांच्या देखरेखीखाली झाले होते. घरी येणाऱ्या उत्तम शिक्षकाचे मोल त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? तरी प्रजेसाठी त्यांनी शाळाच ठरविली. खर्चाचे कारण त्यात असेलच, कारण घरोघर शिक्षक पाठविणे कोणत्याही खजिन्याला झेपणारे नव्हते. आज पडद्याने ती अडचण काढून टाकली आहे. खर्चाचे कारण गेल्यावर शाळेचे दुसरे काही कारण उरते काय, हे म्हणूनच आता प्रथमच स्वच्छपणे विचारता येते.

दूरस्थ विद्येविषयी आम्हांस आकस नाही. बडोदेकरास तो शोभणारही नाही. याच राज्यात अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन साहेबांनी १९१० नंतर ग्रंथालयांची घडी बसविली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. वाचकाने राजधानीत यावे, असा आग्रह कोणी धरला नाही. मात्र पेटी गेली ती जेथे ग्रंथालय नव्हते तेथे. पेट्या फिरतात म्हणून गावचे वाचनालय बंद करा, असे त्या व्यवस्थेत कोणाच्या मनातही आले नसते.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातला. १९७५ साली पीज या गावी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झालेले कार्यक्रम खेड्यांत दिसू लागले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर, अमेरिकी उपग्रह उसना घेऊन, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत 'साइट'चा प्रयोग झाला. त्यात सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. या दोन्ही प्रयोगांत संच शाळेत, पंचायतीत अथवा तशाच सार्वजनिक जागी ठेवीत आणि माणसे एकत्र बसून पाहत. पडदा तोच, पण त्यासमोर गाव बसलेले असे. आजचा पडदा तळहाताएवढा असून त्यासमोर एकच मूल बसते. आम्हांस यंत्रातील सुधारणेपेक्षा हा बदल अधिक मोठा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र कोठे होत नाही.

आता साथीच्या काळाकडे वळू. मार्च २०२० मध्ये गुजरातेतील शाळा बंद झाल्या. पहिली ते पाचवीची मुले वर्गात परतली ती २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे वीस महिन्यांनी. मधल्या काळात दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ झाले, भ्रमणध्वनीवरून गृहपाठ गेले. हे सर्व निष्ठेने केले गेले, त्याविषयी शंका नाही. 'असर'च्या २०२० च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, हे प्रमाण ३६.५ टक्के होते. आकडा दिलासा देणारा आहे. पण पुढच्याच वर्षीच्या पाहणीत दिसले की फोन असलेल्या घरांतीलही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. कारण उघड आहे. फोन असतो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी कामावर जातो. उरलेल्या वेळात तो कोणाच्या हाती पडतो, मुलाच्या की मुलीच्या, हे वाचकांस सांगावयास नको.

शाळेची इमारत हे सर्व एका फटक्यात बरोबरीचे करीत होती, असा आमचा दावा नाही. पण शाळेत गेलेल्या मुलीला निदान त्या पाच तासांत कोणी भांडी घासावयास उठवू शकत नसे. घरी शिकणाऱ्या मुलीची शाळा घराच्या मेहेरबानीवर चालते. सक्तीच्या कायद्याने घराच्या हातून जो काळ काढून घेतला होता, तो आभासी शाळा घराला परत देते. सुस्थित घरात तो काळ मुलाकडेच जातो. इतर घरांत तो घराकडे जातो.

माध्यान्ह भोजनाचे उदाहरण याहून बोलके आहे. गुजरातेत ही योजना १९८४ पासून आहे. साथीच्या काळात शिजलेल्या अन्नाऐवजी धान्य आणि रक्कम पालकांना देण्यात आली. हिशेबाने पाहता मुलाचे काही बुडाले नाही. पण घरी आलेले धान्य पाच तोंडांत वाटले जाते, आणि शाळेत वाढलेले ताट एकाच पोटात जाते. त्यातही पंगतीत शेजारी कोण बसले आहे हे ताटाइतकेच महत्त्वाचे आहे, विशेषतः आपल्या देशात.

त्या दिवसांत शिक्षकांनीच काढलेला एक मार्ग मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. 'शेरी शिक्षण' या नावाने ते गल्लीत, ओट्यावर, देवळाच्या आवारात चार-सहा मुले अंतरावर बसवून शिकवू लागले. वाहिनी, फोन, छापील पुस्तिका हे सारे हाती असूनही त्यांना बाहेर पडावेसे वाटले. पडद्याविषयीचा याहून नेमका अभिप्राय आम्हांस दुसरा माहीत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तुमच्या बाकाचे इतके गुणगान नको. ते खरेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तरी शिपाई हजर असल्याखेरीज पाणी मिळत नसे. ते शाळेत हजर होते. हजेरीपटावर तसे लिहिलेही असेल. हजेरी म्हणजे समता नव्हे. आजही वर्गात टिंगल सोसणारे मूल आहे, चाकाच्या खुर्चीमुळे जिना चढू न शकणारे मूल आहे, दीर्घ आजाराने अंथरुणास खिळलेले मूल आहे. त्या मुलाला पडदा मिळाला तर तो त्याच्यासाठी खिडकी होतो. ती खिडकी तात्त्विक कारणांसाठी बंद करणे हा निव्वळ दुष्टपणा होईल. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून अमलात आला. त्यात 'सक्ती' पालकावरून सरकारवर आली आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचा प्रवेश, उपस्थिती व पूर्तता साधण्याचे दायित्व सरकारने पत्करले. दिल्लीची आभासी शाळा नववीपासून सुरू होते, म्हणजे ती या वयोगटाच्या जवळजवळ बाहेरच राहते. लहान मुलाची 'उपस्थिती' पडद्यावर धरावी काय, हा अवघड प्रश्न तिने सोडविलेला नाही. तिला तो फारसा पडलाच नाही.

तरीही आमची शंका येथेच आहे. टिंगल सोसणारे मूल घरी बसविले म्हणजे त्या मुलाची सुटका होते आणि वर्ग जसाच्या तसा राहतो. जिना न चढणाऱ्या मुलाला पडदा दिला म्हणजे उतरण बांधण्याची घाई कोणाला राहत नाही. एकलव्याची गोष्ट दूरस्थ शिक्षणाचा गौरव म्हणून हल्ली सांगितली जाते, ते आम्हांस विचित्र वाटते. एकलव्याने दूर राहून शिकण्याचा पर्याय निवडलेला नव्हता. त्याला नकार मिळाला होता. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते, की जो पर्याय दिला जात आहे तो मुलाने मागितला आहे, की शाळेला सोयीचा आहे? आणि परत यावेसे वाटले तर त्या मुलाचा बाक राखून ठेवलेला आहे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तेथे आभासी शाळेस आमची हरकत नाही. नसतील तेथे, तिला कितीही गोड नाव दिले तरी, ती हद्दपारीच होय.

आता थोडे आपल्या दारातले. रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागराच्या काठचे वाडे येथील जुन्या मराठी घरांना एके काळी मराठी शाळा पायाखालची होती. आज बडोद्यातील बहुतेक मराठी मुले इंग्रजी वा गुजराती माध्यमात शिकतात, आणि घरच्या मराठीला लेखन-वाचनाचा आधार उरत नाही. अशा वेळी पडद्याचा मोह फार मोठा आहे. बालभारतीची पुस्तके घरबसल्या उतरवून घेता येतात. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळे शनिवार-रविवारच्या शाळा चालवितात, त्यांचा कित्ता गिरवता येईल. एखाद्या मराठी वर्गात विद्यार्थी इतके घटले की स्वतंत्र शिक्षक देणे परवडेना, तर एकच उत्तम शिक्षिका पडद्यावरून चार शाळांना शिकवील, अशी सूचना आज ना उद्या पुढे येईल. ती आली तर आपण काय म्हणावे?

सरळ नकार द्यावा, असे आमचे मत नाही. नकाराचा अर्थ बहुधा वर्ग बंद होणे एवढाच होईल, आणि मोठ्या समूहासाठी निघालेल्या प्रक्षेपणात लहान भाषेला जागा मिळत नाही, हे गिरनार वाहिनीच्या प्रामुख्याने गुजराती पाठांनी दाखविलेच आहे. पण होकार देताना एक अट घालावी. शिक्षिका पडद्यावर असली तरी मुले आपापल्या घरी नकोत. त्या तासाला ती शाळेच्याच एका खोलीत, एका बाकावर दोन अशी बसावीत, आणि खोलीत मराठी बोलणारे एक वडीलधारे माणूस असावे. भाषा ही पाठ ऐकून येते त्याहून अधिक शेजाऱ्याशी भांडून येते. 'माझी पट्टी दे' हे वाक्य पडद्याला म्हणता येत नाही. पीजच्या काळी संच सार्वजनिक जागी ठेवीत, तशीच ही व्यवस्था होईल.

त्या खोलीत बसणारे वडीलधारे माणूस कोठून आणायचे, हे मात्र नगर प्राथमिक शिक्षण समितीला विचारून भागणार नाही. निवृत्त झालेले, दुपारी मोकळे असलेले आणि मराठी शुद्ध लिहू शकणारे स्त्री-पुरुष या अंकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत. आठवड्यातून दोन दुपारी, प्रत्येकी एक तास, एवढाच हिशेब आहे.