धर्मयुद्धाचा जमाखर्च

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेने निघाले की ओरत्तनाडु लागते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ च्या सुमारास इथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंना अन्न आणि आसरा देणारी धर्मशाळा, बांधले. मुक्तांबाळ राजांची लग्नाची राणी नव्हती. मरताना तिने वाटसरूंसाठी छत्र मागितले आणि राजांनी तिचा शब्द राखला, असे सांगतात. काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेल्या मराठी यात्रेकरूला तंजावरच्या मुलखातल्या अशा छत्रांत भात मिळे, पाठ टेकायला ओसरी मिळे, अंगात ताप असला तर वैद्यही मिळे.

हल्ली ‘धर्मयुद्ध’ हा शब्द फार सहज कानावर पडतो. प्रचारसभेत पडतो, मोबाइलवरच्या चित्रफितीत पडतो, शाळकरी पोरांच्या तोंडीही येतो. इतिहासातली प्रत्येक लढाई ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन रकान्यांत भरली की इतिहास समजला, असे आपण मानू लागलो आहोत. अशा वेळी मला ओरत्तनाडूची आठवण होते. कारण हे छत्र ज्या राज्याने बांधले, त्या राज्याचा जन्मच या दोन रकान्यांत बसत नाही.

१६७३ मध्ये मदुरैच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरच्या विजयराघव नायकावर स्वारी केली. दोघेही हिंदू, दोघांचीही घराणी विजयनगरच्या छायेत वाढलेली. वृद्ध विजयराघव लढता लढता पडला. त्याच्या वंशातल्या एका मुलाचा कैवार घेऊन त्याची माणसे विजापूरला आदिलशहाकडे गेली. एका हिंदू राजाने बळकावलेली गादी दुसऱ्या हिंदू वारसाला परत मिळवून द्यायला मुसलमान दरबाराने सरदार धाडला, तो शहाजीराजांचा पुत्र व्यंकोजी. व्यंकोजीराजांनी मदुरैचा अंमल उठवला आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्वतःच घेतली. या सगळ्या प्रकरणात धर्म शोधू गेलो तर हाती लागते ती कावेरीच्या मुखाकडची काळी जमीन, तिच्यावर पिकणारा भात आणि त्या भातावरचा महसूल.

पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. महाराजांविषयी लिहिताना मराठी माणसाचा हात जपून चालतो, आणि तो तसा चालावाही. पण आदर म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. १६७७ मध्ये महाराजांनी हैदराबादेत कुतुबशहाशी सख्य केले, त्याचे द्रव्य आणि तोफा मोहिमेला घेतल्या, विजापूरकरांकडून जिंजी घेतली आणि सावत्र भाऊ व्यंकोजींकडे वडिलांच्या दौलतीचा अर्धा वाटा मागितला. वाटा मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये दोन्ही भावांच्या फौजा एकमेकींवर पडल्या. त्यानंतर महाराजांनी व्यंकोजींना लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की महादेव आणि भवानी ज्याला प्रसन्न आहेत त्याच्याविरुद्ध तुर्कांच्या भरवशावर तुम्ही जिंकाल कसे? पत्राची भाषा देवाधर्माची आहे आणि मागणी वाटणीची आहे. महाराजांची श्रद्धा खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याच श्रद्धेच्या राजाला कुतुबशहाशी हात मिळवताना धर्म आडवा आला नाही, हेही तेवढेच खरे. ही दोन सत्ये एकत्र धरण्याचे बळ आपल्या अंगी यायला हवे.

शंभर वर्षांनी तंजावरवर पुन्हा संकट आले. तुळजाजीराजांनी रामनाडच्या सेतुपतीवर चाल केली होती. तेही भांडण हिंदू राजाचे हिंदू राजाशीच. ते निमित्त करून अर्काटचा नवाब महंमद अली याने इंग्रज कंपनीच्या पलटणी लावल्या आणि १७७३ मध्ये तंजावर घेतले. राजा हिंदू, नवाब मुसलमान, पलटणींचे साहेब ख्रिस्ती. तीन धर्म समोरासमोर होते, पण तंटा एकाच गोष्टीचा होता. नवाब मद्रासच्या सावकारी करणाऱ्या गोऱ्या अंमलदारांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता आणि ते कर्ज तंजावरच्या पिकातून फिटायचे होते. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगट यांनी राजाला गादी परत दिली, तेव्हा पॉल बेनफिल्ड नावाच्या कंपनीच्या एका नोकराने दोन लाख पौंडांहून अधिक रकमेचा दावा पुढे केला. त्याच वर्षी पिगट यांना त्यांच्याच कौन्सिलातल्या लोकांनी कैद केले आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. पुढे १७८१ मध्ये हैदर अली आला. त्याचे वैर कंपनीशी होते. उजाड झाली ती तंजावरची गावे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी क्लेरमाँ इथे क्रुसेडची हाक दिली आणि १०९९ मध्ये जेरुसलेम रक्तात न्हाले. चौथ्या क्रुसेडच्या वेळी व्हेनिसने जहाजांचे भाडे ८५,००० मार्क ठरवले. तेवढा पैसा जमला नाही. तेव्हा ‘देवाच्या’ सैन्याने व्हेनिसच्या सांगण्यावरून १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहरच लुटले, आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल. जेरुसलेम दूरच राहिले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे धर्म निमित्तमात्र, खरे कारण पैसा आणि सत्ता. हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो अर्धाच खरा आहे, आणि त्याने धर्म मानणाऱ्या आपल्यासारख्यांची फार स्वस्तात सुटका होते. पहिल्या क्रुसेडला गेलेल्या कितीतरी माणसांनी जमिनी गहाण टाकून वाटखर्च उभा केला होता. त्यांना लूट नव्हे, पापमुक्ती हवी होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनने जुने सण आणि विधी चोरून पाळणाऱ्यांचा छळ केला, त्यामागे मसाल्याच्या व्यापाराचा हिशेब मांडून भागत नाही. तिथे ‘आपलाच देव खरा’ हा आग्रह खरोखरीचा होता. देवळे पाडणाऱ्यांतही लुटीसाठी आलेले होते, तसे पुण्य लागते म्हणून आलेलेही होते.

म्हणजे राजाला मुलूख हवा असतो, सावकाराला वसुली हवी असते, पण या दोघांसाठी कुणी जीव देत नाही. जीव देतो तो भाविक, आणि तो देतो आपल्या देवासाठी. त्याची श्रद्धा खरी असते, म्हणूनच ती बाजारात वटते. खोट्या श्रद्धेवर कुणी फौज उभारू शकत नाही. तेव्हा ‘राजकारणी धर्माचा वापर करतात’ एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत. वापरू देणारे हातही आपलेच असतात.

आपल्या परंपरेत ‘धर्मयुद्ध’ या शब्दाचा अर्थ तरी काय होता? शस्त्र टाकलेल्यावर वार करायचा नाही, सूर्यास्तानंतर लढायचे नाही, पळणाऱ्याला मारायचे नाही. धर्म युद्धाच्या रीतीत होता. परधर्मीयाचा नायनाट हा त्या शब्दाचा अर्थ नव्हता. कुरुक्षेत्रावर दोन्हीकडे एकच देव मानणारी, एकाच आजोबांची नातवंडे उभी होती. भांडण राज्याच्या वाट्याचे होते आणि समेट पाच गावांवर होऊ शकला असता. महाभारताने ही गोष्ट लपवली नाही. आपण मात्र आपल्या लढाया सांगताना ती लपवतो.

म्हणून कुणी धर्माच्या नावाने हाक दिली, तर भाविकाने आधी जमाखर्च मागावा. या झगड्यानंतर जमीन कुणाच्या नावावर चढणार आहे, कंत्राट कुणाला मिळणार आहे, खुर्ची कुणाची पक्की होणार आहे, आणि तुरुंगात कुणाची पोरे जाणार आहेत? यात अश्रद्धा नाही. देवळाच्या दानपेटीचा हिशेब विचारणारा देवाचा शत्रू नसतो. मग देवाच्या नावाचा हिशेब विचारणारा तरी का असावा?

धर्माचा खर्च दुसऱ्या बाजूलाही पडू शकतो, हे तंजावरच्या त्याच भोसल्यांनी दाखवले. नागूरच्या दर्ग्याचा १३१ फूट उंच मिनार प्रतापसिंहराजांनी बांधला. सरफोजीराजे श्वार्ट्झ या ख्रिस्ती पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले, त्याच्या स्मरणार्थ चर्चमध्ये संगमरवरी शिल्प बसवले, आणि तरी आयुष्यभर बृहदीश्वराचे भक्त राहिले. १७९९ च्या तहाने त्यांचे राज्य गेले. उरलेल्यातून त्यांनी कंपनीकडे कळकळीने जे मागितले, त्यात पूर्वजांची छत्रे होती. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला लिहिले की इथे ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्वांना, जोगी, जंगम आणि फकीर यांनाही, अन्न मिळते. आजाऱ्याला औषध मिळते आणि परक्यांच्या अनाथ मुलांना शाळा.

या छत्रांत सगळे निर्मळ होते असे मी म्हणत नाही. जातीची उतरंड तिथेही होती, आणि वेद शिकवायला नेमलेले गुरुजी परैयाच्या मुलाला वेद शिकवत नव्हते. ते काम अजून आपल्याच डोक्यावर आहे. पण त्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती मला विसरता येत नाही. दिवसभर वाढणे चाले, आणि मध्यरात्री छत्रात घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कुणी उपाशी राहिले असेल तर या, तुमच्यासाठी भात ठेवला आहे.

त्या अंधारात येणाऱ्याला कुणी देव विचारत नसे. ज्या कावेरीच्या भातासाठी नायक, नवाब आणि कंपनी लढली, तोच भात त्याच्या पानात पडे. आपल्या गावात देवाच्या नावाने जमणाऱ्या वर्गणीतून उद्या काय उभे करायचे, हे ठरवताना ती घंटा आपल्या कानांत वाजत राहो.