माल कुठला?



दिवाळी महिन्यावर आली की आपल्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. बारकोडचे पहिले तीन आकडे ८९० असले तर वस्तू भारतीय, ६९० ते ६९९ असले तर चिनी, म्हणून आकडे बघूनच खरेदी करा. हेतू चांगला, पण माहिती चुकीची आहे. ८९० चा अर्थ एवढाच, की कंपनीने तो बारकोड भारतातल्या संस्थेकडे नोंदवून घेतला आहे. वस्तू कुठे तयार झाली ते त्यावरून कळत नाही. बाहेरून माल आणून इथल्या कंपनीने आपल्या नावाने विकला तरी आकडे ८९० च असू शकतात. खरी माहिती पाकिटावर छापलेली असते. आयात मालावर देशाचं नाव लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२० च्या नियमांपासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही ते दाखवावं लागतं. अक्षरं बारीक असतात, चष्मा शोधावा लागतो, हे मात्र खरं. देशप्रेमासाठी का होईना, खोटी गोष्ट पुढे पाठवू नये असं आम्हाला वाटतं.

पण त्या मेसेजच्या मागे एक खरा प्रश्न आहे. वस्तू कुठल्या देशात झाली यावरून ती चांगली की वाईट हे ठरवणं कितपत न्यायाचं? आणि आपल्या माणसांची म्हणून ती घ्यावी, हे कर्तव्य कुठपर्यंत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात छान सापडतं. आज ‘जर्मन मशीन’ म्हटलं की दुकानदार छाती फुगवून सांगतो. पण १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा जर्मनीचेच प्रतिनिधी फ्रान्झ रूलो यांनी आपल्या देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं. मायदेशात मोठा गहजब झाला. त्या काळी झोलिंगेन गावच्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचा खोटा छाप मारून विकत असत. अखेर १८८७ साली ब्रिटनने कायदा केला, की परदेशी माल आपला म्हणून विकायचा नाही, मूळ देश लिहा. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द आले ते असे, गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून! पुढच्या काही वर्षांत जर्मनांनी माल असा सुधारला, की तोच शिक्का भूषण झाला.

जपानचंही तसंच. महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे दोन दिवसांची खेळणी अशी जगात समजूत होती. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की आम्ही ‘मेड इन जपान’ ही अक्षरं जमेल तितकी बारीक छापायचो, एकदा तर इतकी बारीक की अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी ती मोठी करायला लावली. १९५० मध्ये डेमिंग नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून जपानी इंजिनिअर त्यांच्याकडून दर्जा कसा राखायचा ते शिकले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. आमच्या लहानपणी घरात जपानी ट्रान्झिस्टर आला की शेजारी बघायला यायचे. माणसं तीच, बेटं तीच. बदलली ती काम करण्याची सवय.

म्हणून ‘चायना म्हणजे टाकाऊ’ हे वाक्य आम्हाला आळशीपणाचं वाटतं. आमच्या वडोदऱ्यात मंगळ बाजारात दुकानदार आधीच सांगून मोकळा होतो, “चायना छे बेन, गॅरंटी नथी.” पण त्याच देशात जगातले महागातले महाग फोनही जुळवले जातात. मग पन्नास रुपयांची माळ आठ दिवसांत का विझते? कारण व्यापाऱ्याने तिकडे जाऊन पन्नास रुपयांत विकता येईल अशीच माळ मागितली. आणि त्याने तशी मागितली, कारण आपण दहा दुकानं फिरून “अजून कमी करा ना” म्हणतो. दोष देशाच्या नावावर ढकलला की आपली घासाघीस कोणाला दिसत नाही.

उलट बाजूही बघा. त्याच महागड्या कंपनीचे फोन आता तमिळनाडू-कर्नाटकातही तयार होतात, तरी दुबईहून भाचा येणार म्हटलं की घरातून फर्माईश जाते, “तिकडचाच आण हं!” कपड्याच्या दुकानात “एक्स्पोर्ट क्वालिटी आहे” असं ऐकलं की आपण खूश होतो. म्हणजे चांगलं ते बाहेर पाठवायचं आणि उरलेलं घरच्यांनी वापरायचं, हे आपण गृहीत धरलंय. आपल्या घरात पाहुण्याला आणि मुलाला वेगवेगळ्या पिठाची पोळी कधी करतो का हो?

आता दुसरा प्रश्न, आणि तो जास्त अवघड आहे. आपल्या माणसाचं म्हणून घ्यावं का? घ्यावं, असं आमचं मत. कुणीतरी पहिली खरेदी केल्याशिवाय कुठलाच कारखाना उभा राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केले. शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडाने जमिनीला विष चढेल. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. अंताजीपंत काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. देणाऱ्यांना त्या पैशाच्या बदल्यात हातात काय मिळालं? काहीच नाही. पण किर्लोस्करांचा नांगर पुढे खपला तो जमीन नीट नांगरत होता म्हणून. नुसतं ‘आपला’ म्हणून कुणी बैल जुंपत नाही.

मागच्या उत्सवात आमच्या सेवा समितीत यावरूनच वाद झाला. मंडपासाठी विजेच्या माळा घ्यायच्या होत्या. एका ताईंचा आग्रह, स्वदेशीच घ्या. पण बाजारात जी स्वदेशी म्हणून मिळत होती तिच्यावर आयएसआय नाही, नोंदणी क्रमांक नाही, वायर बोटाने सोलली जात होती. दुसरी बाहेरच्या देशात झालेली, पण तिच्यावर ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला तर बरोबर निघाला. समितीने दुसरी घेतली. ताई नाराज झाल्या, अजून थोड्या आहेत. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण त्या मंडपाखाली लोकांची लेकरं बसणार होती. स्वदेशीसाठी आपण आपले चार पैसे जास्त घालवू शकतो, आपली गैरसोय सोसू शकतो. दुसऱ्याच्या मुलाची सुरक्षितता आपल्याला तशी खर्च करता येत नाही.

म्हणून वीज, गॅस, कुकर आणि मुलांची खेळणी यांत आम्ही आधी खूण बघतो, देश नंतर. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे, आणि परदेशी कारखान्यालाही ते चाचणी देऊन घ्यावं लागतं. अगरबत्ती, पंचे, पिशव्या, पणत्या यांत मात्र जवळच्या माणसाचंच घेतो. फार तर काय, पंच्याचा रंग जाईल! पायात कोल्हापुरी घालायची तर कारागिराकडची. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर बेळगाव-धारवाडही आहेत. सीमेवरून एवढं रण माजतं, पण चपलेने ती कधी मानली नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात राहून जाते. आपल्याकडे कामाला येणारी बाई मुलासाठी तीस रुपयांचा प्लॅस्टिकचा कंदील घेऊन जाते, तेव्हा तिला स्वदेशी शिकवू नये. जास्त पैसे देण्याचं कर्तव्य ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्याचं. तिच्या घरी आपण कागदाचा कंदील भेट द्यावा, तेही तिला ओशाळं वाटणार नाही अशा रीतीने.

आपल्या बचत गटाच्या ताईंनी यंदा तसे कंदील केलेत. मागच्या वर्षी बऱ्याच कंदिलांच्या काड्या दोन दिवसांत सुटल्या होत्या, आणि सगळ्यांनी “आपल्याच आहेत” म्हणून गप्प राहून विकत घेतले. यंदा त्यांच्याशी स्पष्ट बोललो. आधी त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी खळ बदलली, काड्यांना दोऱ्याचे आढे दिले. परवा एक कंदील रात्रभर गच्चीवर वाऱ्यात टांगून ठेवला होता, सकाळी जागच्या जागी होता. किंमत मात्र वीस रुपयांनी वाढली आहे. ज्यांना हवेत त्यांनी रविवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.