न घडलेल्या अपघाताचा सत्कार

जगात ज्या गोष्टी घडतात त्यांची नोंद होते. ज्या घडत नाहीत त्यांची होत नाही. पूल कोसळला म्हणजे वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतात. तोच पूल पन्नास वर्षे उभा राहिला, तर त्या पन्नास वर्षांविषयी कोणी दोन ओळीही लिहीत नाही. वस्तुतः आपले सारे नागरी जीवन अशा न घडलेल्या अनर्थांवरच चाललेले असते. ते अनर्थ आपोआप टळत नाहीत. कोणीतरी ते टाळीत असतो. शहरातील बसचा चालक हा अशा टाळणाऱ्या माणसांपैकी एक होय.

वर्षातून एखाद्या दिवशी वाहतूक खात्याला या माणसाची आठवण होते. आगाराच्या अंगणात मांडव पडतो, ध्वनिक्षेपक खरखरतो आणि वर्षानुवर्षे विनाअपघात गाडी चालवणाऱ्यांना शाल, श्रीफळ व बिल्ला देण्यात येतो. समारंभ साधाच असतो. परंतु त्याच्या पोटात नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. मनुष्याने आपले कर्तव्य केले एवढ्याचसाठी त्याचा सत्कार करावा काय? आणि करावयाचाच, तर तो नेमका कशाचा?

मी मुंबईच्या उपनगरात मुलांना शिकवतो, म्हणून उदाहरण जवळचेच घेतो. या शहरात घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने हा सारा कारभार आपल्या हाती घेतला आणि 'बेस्ट' हे नाव मुंबईकरांच्या घरातले झाले. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. हा दीडशे वर्षांचा इतिहास तारखांनी व गाड्यांनी भरलेला आहे. पण त्यात त्या गाड्या हाकणाऱ्या माणसांची नावे किती जणांना सांगता येतील? ज्या वाहकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे तो बद्रुद्दीन काझी. पण तो ठाऊक आहे तो जॉनी वॉकर म्हणून. तिकिटांचा पंच ठेवून तो पडद्यावर गेला म्हणून. बंगळूरच्या बसवर वाहक असलेले शिवाजीराव गायकवाड रजनीकांत झाले, तेव्हाच जगाला कळले की ते एके काळी वाहक होते. म्हणजे या व्यवसायात नाव मिळवायचे, तर तो सोडावा लागतो! जो तिथेच राहिला आणि तिथेच चांगला राहिला, त्याच्यासाठी आपल्याजवळ शब्द नाहीत.

शब्द नसण्याचे एक कारण मला दोन वर्षांपूर्वी उमगले. एका आगारातील अशा समारंभाला पाहुणा म्हणून मला बोलावले होते. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा झालेल्या एका चालकाला 'दोन शब्द' बोलण्याचा आग्रह झाला. तो उठला, ध्वनिक्षेपकासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काय सांगू? सांगण्यासारखं काही घडलंच नाही." लोक हसले. तोही हसला आणि जागेवर जाऊन बसला.

मला मात्र त्या वाक्याचा हिशेब करावासा वाटला. वर्षाचे पावणेतीनशे दिवस काम धरले, तर पंचवीस वर्षांत ६,८७५ दिवस होतात. दिवसाला दोनशे थांबे धरले, तर या माणसाने पावणेचौदा लाख वेळा गाडी थांबवली आणि तितक्याच वेळा ती पुन्हा रस्त्यावर आणली. प्रत्येक वेळी कोणाचा तरी पाय पायरीवर होता, कोणीतरी रस्ता ओलांडीत होते, एखादा दुचाकीस्वार डाव्या बाजूने घुसत होता. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. अशा रस्त्यांवर 'काही घडले नाही' हे केवढे मोठे घडणे आहे!

आता पहिला आक्षेप येतो तो कर्तव्यनिष्ठांकडून. ते म्हणतात, गाडी सांभाळून चालवण्याचा त्याला पगार मिळतो; मग वर शाल कशाला? कर्तव्याला बक्षिसाची सवय लावली म्हणजे कर्तव्याचे मोल कमी होते. गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश ही मंडळी हमखास पुढे करतात. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तर हा विचार आपल्याकडे शाळेतल्या मुलांच्या निबंधांतही शिरलेला आहे.

या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण तो चुकीच्या माणसाला लावला जातो. फळाची अपेक्षा न धरता काम करावे, हा नियम काम करणाऱ्यासाठी आहे. ज्याला त्या कामाचे फळ मिळते त्याने कृतज्ञ राहू नये, असे त्यात कोठेही सांगितलेले नाही. चालकाने बिल्ल्यासाठी गाडी चालवू नये, हे खरे. परंतु म्हणून मागे बसलेल्या प्रवाशाने त्याला विसरावे, हे त्यातून निघत नाही. दुसऱ्याच्या निष्कामतेचा आपण आपल्या कृतघ्नतेसाठी उपयोग करून घेतो, ही आपली जुनी खोड आहे. शिवाय पगाराने माणसाचे तास विकत घेता येतात, कौशल्यही विकत घेता येते. सावधपणा मात्र विकत घेता येत नाही. दुपारी तीनच्या उन्हात, सातव्या तासाला, फुटपाथावरील मुलाच्या हातातला चेंडू पाहून पाय आधीच ब्रेककडे जातो, तो पगारपत्रकातल्या कोणत्या रकान्यात बसतो?

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो मला अधिक छळतो. विनाअपघात सेवा हा गुण की दैव? इंग्लंडमधील तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका निबंधात ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. त्याच्या हातून काही चूक नसताना एक मूल चाकाखाली येते. लोक त्याचे सांत्वन करतात, 'तुझा दोष नाही' म्हणतात, आणि ते बरोबरच असते. परंतु त्याला जे वाटते ते बघ्यांना वाटणाऱ्या हळहळीपेक्षा निराळे असते, आणि ते निराळे असणेच योग्य आहे. कारण गाडी त्याच्या हातात होती. आता असे समजा की दोन चालक सारखेच सावध आहेत. एकाच्या पुढे उभ्या रिक्षांमधून मूल धावत आले, दुसऱ्याच्या पुढे ते कधीच आले नाही. एकाच्या वाट्याला चौकशी आली, दुसऱ्याच्या छातीवर बिल्ला आला. मग आपण सत्कार केला तो सावधपणाचा की न आलेल्या मुलाचा?

त्याच समारंभात शेवटच्या रांगेत असा एक चालक बसला होता. सेवेच्या बाविसाव्या वर्षी त्याच्या गाडीखाली एक म्हातारी सापडली होती. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण यादीतून त्याचे नाव गळाले ते गळालेच. तो प्रत्येक नावाला मनापासून टाळ्या वाजवीत होता. चहाच्या वेळी मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "गुरुजी, कागदावर मी सुटलो. पण त्या वळणावर आजही माझी गाडी हळू होते. वाहक विचारतो, इथं कुठं स्टॉप आहे? मी काही बोलत नाही." मला वाटते, सावधपणाचा याहून मोठा दाखला कोणत्याही बिल्ल्यावर कोरता येणार नाही. परंतु तो मोजता येत नाही आणि यादी तर मोजदादीनेच करावी लागते.

ही मोजदाद हाच खरा घोटाळा आहे. जे मोजता येते त्याचेच बक्षीस ठेवले, की माणसे त्या मापाकडे पाहू लागतात आणि ज्यासाठी ते माप घेतले ती गोष्ट बाजूला राहते. शाळेत संपूर्ण हजेरीचे बक्षीस असते. ते चुकू नये म्हणून तापाने फणफणलेल्या मुलाला आई वर्गात आणून बसवते, हे मी पाहिले आहे. मूल हजर असते, पण शिक्षण हजर नसते. आगाराला कमी अपघातांबद्दल ढाल मिळणार असेल, तर लहानसहान ठोकरी नोंदवहीत येणारच नाहीत. वक्तशीरपणाचे बक्षीस ठेवले, तर धावत येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी कोण थांबेल? त्याच्यासाठी अर्धा मिनिट थांबलेल्या वाहकाचा तो अर्धा मिनिट त्याच्या नावावर उशीर म्हणूनच लागणार.

तिसरा आक्षेप कामगारांचा आहे आणि तो सरळ आहे. ते म्हणतात, शाल स्वस्त असते. विश्रांतीची खोली, शेवटच्या थांब्यावर पाणी व स्वच्छतागृह, माणसाला झेपतील असे कामाचे तास, निवृत्तीनंतरची देणी वेळेवर हातात पडणे, या गोष्टी महाग असतात. ज्या खात्याला महाग गोष्टी देता येत नाहीत, ते स्वस्त गोष्ट वाजतगाजत देते. २२ मार्च २०२० रोजी आपण सर्वांनी गच्चीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्यानंतर लोकल गाड्या सामान्यांसाठी बंद असताना परिचारिकांना, सफाई कामगारांना कामावर नेले ते बेस्टच्या गाड्यांनी. त्या सेवेत कित्येक चालक-वाहक आजाराने दगावले. थाळीचा आवाज त्यांच्या घरी किती दिवस पुरला असेल?

एवढेच नव्हे. व्यक्तीचा सत्कार करताना, अपघात होणे न होणे हे सर्वस्वी एका माणसाच्या हाती आहे असे आपण नकळत ठरवून टाकतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्याला विजेवर चालणारी एक बस गर्दीत घुसली आणि अनेक माणसे मेली. त्या चालकाला त्या जातीची गाडी हाकण्याचे शिक्षण किती दिवस मिळाले होते, हा प्रश्न त्यानंतर शहरभर विचारला गेला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु तो प्रश्न सत्काराच्या मांडवातही विचारला गेला पाहिजे. न घडलेल्या अपघाताच्या मागे शिकवणारा असतो, ब्रेक तपासणारा मिस्त्री असतो, पाळ्या लावणारा कारकून असतो. आणि आता तर गाड्यांचा मोठा भाग कंत्राटदारांकडून घेतलेला असतो. चालक एकाचा नोकर, गाडीवर नाव दुसऱ्याचे. अशा माणसाने पंचवीस वर्षे सांभाळून गाडी चालवली, तर ती वर्षे मोजणार कोण?

मग हे समारंभ बंद करावेत काय? मला तसे वाटत नाही. सत्कार बंद केल्याने पाण्याची सोय होणार नाही; फक्त वर्षातून एकदा येणारी आठवणही जाईल. माझे म्हणणे एवढेच की, आठवण ही ओळखीतून यावी. आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द फार चांगला आहे. ओळख म्हणजे नुसते नाव ठाऊक असणे नव्हे. समोरचा मनुष्य काय करतो आणि त्याला ते करताना काय पडते, हे कळणे.

गेल्या वर्षी रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांना एका आगारात नेले होते. भाषणे झाली, पत्रके वाटली. मुलांनी त्यांची विमाने केली. शेवटी एका वयस्क चालकाने भाषण न करता एका मुलीला आपल्या जागेवर बसवले आणि पाच मुलांना गाडीच्या तोंडाशी, अगदी खेटून, खाली बसायला सांगितले. मग त्याने तिला विचारले, "बाळ, पुढं कोण दिसतं?" ती म्हणाली, "कोणीच नाही." पाचही मुले एकदम उठून उभी राहिली तेव्हा ती दचकली आणि तिने सुकाणूवरचे हात काढून घेतले. चालक म्हणाला, "रोज असंच असतं बघ. दिसत नाही म्हणून कोणी नाही असं धरायचं नाही."

मला वाटते, जनतेसाठी म्हणून जे कार्यक्रम हे खाते करते, आणि कर्मचाऱ्यांसाठी म्हणून जे सत्कार करते, ते दोन्ही वेगळे ठेवण्यात चूक आहे. ज्यांची सेवा झाली त्यांना सेवा कशी होते ते दाखवावे. मग सत्कार कोणाचा व कशाचा करावयाचा, हे त्यांचे त्यांनाच कळेल. अशा यादीत पंचवीस वर्षांचा बिल्लेवाला असेलच. पण त्या वळणावर गाडी हळू करणारा मनुष्यही असेल, मिस्त्री असेल, कंत्राटावरचा नवखा पोरही असेल. मोजून केलेल्या यादीपेक्षा ती वेडीवाकडी होईल. परंतु तिच्यावर अन्याय झाल्याची तक्रार बहुधा कमी येईल, आणि आली तरी ती ऐकण्याजोगी असेल.

तोपर्यंत दोन घंटा वाजतात आणि गाडी सुटते. आपण खिडकीबाहेर पाहतो, झोपतो, मोबाईल काढतो. इतक्या निर्धास्तपणे आपण घरच्या माणसाच्या हातीही जीव सोपवीत नाही. ज्याच्या हाती सोपवतो त्याचा चेहरा उतरताना एकदा तरी पाहावा.