छायेचं मागणं

हे सूर्यनारायणा, सुरतेत तुझं अख्खं कुटुंब नांदतं. मुलताईला उगम पावून आमच्या भुसावळवरून इथवर येणारी तापी ही तुझी आणि छायेची लेक. तिच्या काठी ज्या घाटावर आम्ही आपल्या माणसांना शेवटचा निरोप देतो, त्याला तुझ्या जुळ्या मुलांचं, अश्विनीकुमारांचं नाव आहे. पोटासाठी खानदेशातून आलेले आम्ही लिंबायत-उधन्यात तुझ्या लेकीच्या आसऱ्याने राहिलो. म्हणून घरच्या माणसाच्या हक्काने बोलतो, ऐकून घे.

तुझं देणं मोठं आहे. गॅलरीतली तुळस तुझ्या निळ्या किरणांची दिशा ओळखते, सावलीकडच्या तिच्या पेशी जास्त लांबतात आणि ती तुझ्याकडे झुकते. रथसप्तमीला आम्ही रांगोळीत तुझे सात रंगांचे सात घोडे काढतो. मधमाशीला त्यातला तांबडा दिसत नाही, पण आमच्यापासून लपवलेला अतिनील दिसतो. आम्हाला नुसत्या पिवळ्या वाटणाऱ्या फुलावर तिला मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. ज्याच्या त्याच्या गरजेएवढी नजर तू दिलीस.

देवांचे वैद्य तुझ्याच घरात जन्मले, ते उगाच नाही. 1956 साली इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांनी पाहिलं, की कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला उन्हात नेलं की ऊन लागलेल्या अंगाचा पिवळेपणा उतरतो. आज बाळाचे डोळे झाकून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. तो उजेड कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप पालटतो आणि ते शरीराबाहेर पडू लागतं. अशा दिव्याखालून हसत घरी आलेल्या प्रत्येक लेकरासाठी तुला दंडवत.

पण देवा, तुझं तेज सोसत नाही, हे आधी तुझ्याच घरात कळलं. तुझी पत्नी संज्ञा छायेला मागे ठेवून निघून गेली. मग वराछ्यातला कारागीर हिरा घासतो तसं विश्वकर्म्याने तुला चाकावर धरलं आणि तुझं तेज कमी केलं. आता ते काम आभाळातला ओझोन करतो. सर्वांत घातक अतिनील किरण तो वरच अडवतो. जे थोडे खाली पोचतात, ते आमच्या कातडीत ड जीवनसत्त्व घडवतात. तेच अति झाले, तर पेशीतल्या डीएनएचे शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवतात. झाडांना आणि माशांना तू फोटोलायेज दिलंस. ते तुझाच निळा प्रकाश घेऊन ती गाठ सोडवतं. आम्हाला ते दिलं नाहीस. आमची पेशी बिघडलेला तुकडा कापून नवा भरत बसते. तक्रार नाही, पण मग आमच्या वाट्याला सावली तरी पुरेशी असू दे.

मेअखेरीस तू बरोबर माथ्यावर येतोस आणि भर दुपारी खांबाची सावली खांबाखालीच नाहीशी होते. त्या दिवसांत रिंगरोडच्या कापडबाजारात गाठोडी ओढणाऱ्यांच्या डोक्यावर छाया धर.

आणि पांडेसऱ्यात रातपाळी करणाऱ्या आमच्या पोरांसाठी तर तुझ्याकडे अंधारच मागतो. बारा-बारा तास ती पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मागापुढे उभी असतात. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी मेंदूला एवढंच कळवतात, की आता दिवस आहे की रात्र. ट्यूबलाइटच्या उजेडाला त्या पेशी दिवस समजतात आणि झोप आणणारं मेलाटोनिन अडून राहतं. सकाळी पोरगा पत्र्याच्या खोलीत अंग टाकतो, तेव्हा तू खिडकीत हजर. झोप होत नाही, आणि काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्वही मिळत नाही. त्याला धड रात्र नाही, धड दिवस नाही.

त्याच्या झोपेच्या वेळी गाढ काळोख दे आणि सुटीच्या दिवशी अंगावर ऊन दे. आठवड्याआड पाळी बदलणाऱ्या मालकांना कळू दे, की माणसाचं शरीर मागासारखं खटका दाबून फिरवता येत नाही. आणि आमचा हात जिथवर पोचतो, तिथलं आमच्याकडून करून घे: दिवसा झोपलेल्याच्या खिडकीला जाड पडदा लावणं, शेजाऱ्याचा लाउडस्पीकर बंद करायला सांगणं, गल्लीतला कडुनिंब तोडायला आलेल्यांना आडवं जाणं. एवढं बळ दे.